भाषणातली बर्नी

फ्लीटवुड
रविवार, १३ एप्रिल

रॉनी,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलं दिसतंय. ठीक आहे. फोन आपटता येतो, पत्र दारातल्या फटीतून आत पडतंच. म्हणून लिहितेय. शाळेत असताना तू थोरली असून तुझे निबंध मी लिहून द्यायचे. त्यानंतर तुझ्यासाठी कागद हातात घ्यायची वेळ आजच आलीय.

आधी एक गोष्ट ऐक. मी असं बोललेच नाही.

गुरुवारी पुढाऱ्यांची ती चर्चा मीही पाहिली, घरी, क्लिफच्या उशाशी बसून. डंकन रेवेल, म्हणजे हा पंतप्रधान व्हायला निघालेला माणूस, थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "फ्लीटवुडमध्ये मला बर्नी भेटली. अर्धांगानं पडलेल्या नवऱ्याला ती नऊ वर्षं एकटी उचलते, एकटी धुते. ती मला म्हणाली, डंकन, नऊ वर्षांत माझ्या दारावर कुणी टकटकसुद्धा केली नाही." आणि मग ओठ घट्ट मिटून गप्प राहिला. शिकवलेलं असतं त्यांना, कुठे गप्प राहायचं ते.

मी त्याला डंकन म्हणेन का गं? सांग ना. आपल्या आईने आपल्याला डॉक्टरला 'डॉक्टर' म्हणायला शिकवलं, पाद्रीबाबांना 'फादर' म्हणायला शिकवलं. त्या सुटातल्या माणसाला मी पहिल्या भेटीत नावाने हाक मारेन?

तू ती चर्चा इथल्या क्लबात बसून पाहिलीस, आणि तिथे काय झालं ते मिसेस पिलिंगने दुसऱ्या दिवशी कुंपणावरून सांगितलं. सांगताना तिला किती आनंद होत होता, ते तू तिला ओळखतेसच. म्हणे सगळे तुझ्याकडे बघायला लागले. मग तो मेला स्टॅन म्हणाला, "काय गं रॉनी, मग तू दर मंगळवारी बोटीत बसून येतेस ती कुणाकडे? ठेवलायस की काय एखादा?" आणि सगळे हसले. तू कोट उचललास, अर्धा ग्लास तसाच टाकलास आणि गेलीस.

त्या हसण्याचा राग तुला माझ्यावर काढायचाय. काढ. पण शनिवारी तू आली नाहीस, ते मला बोचलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. नऊ वर्षं. नदीपलीकडच्या नॉट एंडहून बोटीने, आणि ओहोटीमुळे बोट बंद असली की पुलाचा वळसा घेऊन बसने सव्वा तास. गुडघे दुखत असताना आलीस, फ्रँक गेला, नवऱ्याला पुरलंस त्या आठवड्यातही आलीस. आणि आता एका पुढाऱ्याच्या दोन वाक्यांवरून थांबलीस?

क्लिफ काल सकाळी नऊपासून खिडकीकडे तोंड करून बसला होता. बोट लागली, माणसं उतरली, तू उतरली नाहीस. त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तुला पाण्यात ढकललं.

मंगळवारी ये. तो माणूस थापा मारतो. त्याचं कामच ते.

बर्नी


शनिवार, १९ एप्रिल

रॉनी,

पत्र परत आलं. पाकिटावर तुझ्या त्या ठसठशीत अक्षरात 'परत', आणि खाली दोन रेघा. एक पुरली असती.

असो. हेही पाठवतेय. मी काही हरायला बसलेली नाही.

या आठवड्यात तू तिन्ही दिवस आली नाहीस, तेव्हा मी सरकारी मदतीसाठी फोन केला. मदतनीस येते, पंधरा मिनिटांसाठी. रोज वेगळी. पहिली पाच मिनिटं कोट काढण्यात आणि मागच्या बाईने वहीत काय लिहिलंय ते वाचण्यात जातात. गुरुवारच्या बाईने क्लिफच्या सदऱ्याला हात घातला, तर त्याने डाव्या हाताने पलंगाचा कठडा असा धरला की सोडेना. ती म्हणाली, "मिस्टर रिगबी, सहकार्य करा." तो म्हणाला, "रॉनी." ती म्हणाली, "माझं नाव ट्रेसी आहे." तो म्हणाला, "रॉनी." शेवटी तिने वहीत लिहिलं, 'रुग्णाने नकार दिला', आणि कोट घालून गेली.

मग मी एकटीने त्याला पुसलं. तुझी ती चादर खाली सरकवून वळवायची युक्ती मला जमत नाही. माझ्या कमरेत लचक भरलीय. म्हणजे बघ, तो टीव्हीवर जे खोटं बोलला ते आता खरं झालंय. नवऱ्याला मी एकटी उचलते, एकटी धुते, आणि दारावर कुणी येत नाही.

दुसरी बातमी. त्या रेवेलची बाई, ती फेलिसिटी, जिच्या गळ्यात तीन-तीन ओळखपत्रं लोंबतात, तिचा फोन आला. त्यांना पत्रकांवर माझा फोटो छापायचाय. ऑक्टोबरमध्ये तो घरी आला तेव्हाचा, ओट्यापाशी मी किटली धरून उभी असलेला. मी म्हटलं, "फोटो छापायचा तर खाली हेही छापा, की माझी बहीण नऊ वर्षं येत होती." ती म्हणाली, "बर्नी, लोकांच्या लक्षात एका वेळी एकच गोष्ट राहते."

मी फोन ठेवला. पण ठेवल्यावर वाटलं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

म्हणून आता सांगते. मागच्या पत्रात लिहिलं की मी असं बोललेच नाही, ते पूर्ण खरं नाही. तो यायच्या आधी फेलिसिटी एकटी आली होती, आमच्या स्वयंपाकघरात पेन्सिल घेऊन बसली होती. मी क्लिफचं सांगितलं की पेन्सिल धावायची. 'माझी बहीण येते' म्हटलं की थांबायची. दोनदा म्हटलं, दोनदा थांबली. तिसऱ्यांदा मी तुझं नाव घेतलंच नाही. म्हटलं, कशाला त्या बाईची पेन्सिल अडवा.

इतकंच. एवढाच माझा गुन्हा. नाव न घेणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

बर्नी


शुक्रवार, २५ एप्रिल

रॉनी,

दुसरंही परत. यावेळी तीन रेघा.

हेही परत येणार हे मला दिसतंय. म्हणूनच यात ते लिहिणार आहे जे तू वाचणार असतीस तर लिहिलं नसतं.

ऑक्टोबरच्या त्या मंगळवारी रेवेल माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. मी केलेला चहा त्याने अर्धा प्यायला. तू वर होतीस, क्लिफला आंघोळ घालत होतीस. "मला नाही त्या पुढाऱ्याला भेटायचं, मी आपली वर बरी," म्हणालीस. नळ सुरू होता. आणि मध्येच तुम्ही दोघं हसलात. साधं नाही, खदखदून. फुटबॉलवरून काहीतरी असणार, तू नेहमी त्याच्या संघाला नावं ठेवतेस.

रॉनी, नऊ वर्षांत तो माझ्यापाशी एकदाही असा हसला नाही. माझ्यासमोर तो खातो, गिळतो, गोळ्या घेतो. झटक्यानंतर त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो तुझं नाव. दवाखान्यात म्हणाले, तुमचं बर्नडेट हे नाव लांबलचक आहे, अवघड पडत असेल. सगळे हसले, मीही हसले. बर्नी म्हणायला काय अवघड आहे गं? आठवड्यातून तीन सकाळी तू यायचीस, आणि उरलेल्या एकशेसाठ तासांत मी होते, घाणीत हात घालणारी मी होते, आणि हसणं मात्र तुझ्या वाट्याला. मला तुझा हेवा वाटायचा. नको इतका. तू माझं घर सावरत होतीस आणि मी ओट्यापाशी उभी राहून तुझ्यावर जळत होते.

रेवेलने छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही एकट्याच?"

मी म्हटलं, "एकटीच. नऊ वर्षांत माझ्या दारावर कुणी टकटकसुद्धा केली नाही."

शब्दन् शब्द माझा आहे. 'डंकन' तेवढं त्याने घातलं.

बोलल्यावर कसं वाटलं, तेही सांगते. बरं वाटलं. त्याने माझा हात धरला, त्याचे डोळे ओले झाले, आणि एकदा तरी कुणालातरी मीच मोठी वाटले. ते पाच मिनिटं टिकलं. मग तू ओले हात पुसत खाली आलीस आणि विचारलंस, "गेले का? बिस्किटं ठेवली का माझ्यासाठी?"

तेव्हा मला वाटलं, आमच्या स्वयंपाकघरातली गोष्ट, स्वयंपाकघरातच राहील. तो ती देशभर घेऊन फिरेल हे मला काय ठाऊक. पण आता ती देशभर गेलीय, तर ती मी देशासमोरच परत घेणार आहे.

पुढच्या बुधवारी मँचेस्टरला शेवटची मोठी सभा आहे, टीव्हीवर. दोन्ही पुढारी, आणि समोर साधे मतदार प्रश्न विचारणार. मी अर्ज केला. मागच्या वेळी कुणाला मत दिलंत, यंदा कुणाला देणार, सगळं विचारतात. 'ठरलेलं नाही' लिहिलं, आणि ते तर खरंच आहे. प्रश्न आधी लिहून द्यावा लागतो. मी अगदी गुळमुळीत दिला: घरी आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांना तुम्ही काय देणार? काल फोन आला, निवडला म्हणून. अटही सांगितली, लिहिलाय तोच वाचायचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

बघू.

मिसेस पिलिंगला त्या संध्याकाळी क्लिफपाशी बसायला सांगितलंय. ती म्हणाली, "मी क्लबात बघणार होते." मी म्हटलं, "इथून बघ, आवाज मोठा कर."

भीती वाटतेय. पण जाणार.

बर्नी


शुक्रवार, २ मे

रॉनी,

तिसरं पत्र परत आलेलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुमची पत्रं मी गिळत नाही." म्हणजे ते तुझ्याकडे आहे. उघडलंस की चुलीत घातलंस ते तुझं तुला माहीत. उघडलं असशील तर आता माझ्यापाशी लपवायला काही उरलेलं नाही, आणि मला त्याची लाजही वाटत नाही. वाटायची होती तेवढी वाटून झाली.

परवाचा कार्यक्रम तू पाहिलास की नाही मला ठाऊक नाही. बाकी सगळ्या गावाने पाहिला. तरी माझ्याकडून ऐक.

दोनशे माणसं होती. दोन पुढारी दोन खांबांसारखे उभे, डावीकडे रेवेल आणि उजवीकडे सध्याच्या पंतप्रधानबाई, मिसेस ऑल्डिस. माइक आपल्या हातात देत नाहीत, लांब काठीला बांधून तोंडापुढे धरतात, म्हणजे बोलणं नको झालं की काढून घेता येतो. माझ्या शेजारी बर्नलीचा एक बसचालक बसला होता, अस्लम नावाचा, दाढी पांढरी, माझ्याच वयाचा. त्याचा प्रश्न आधी आला. दाताच्या डॉक्टरची अकरा महिने वाट बघतोय, म्हणाला. मिसेस ऑल्डिस मान तिरकी करून म्हणाल्या, "तुमच्या भावना मी समजू शकते." अस्लम म्हणाला, "बाई, भावना ठीक आहेत. दात दुखतोय." सगळं सभागृह हसलं. त्याला आणखी बोलायचं होतं, पण काठी निघून गेली.

मग सूत्रधाराने पुकारलं, "बर्नडेट रिगबी, फ्लीटवुड." मी उभी राहिले. प्रश्न वाचला, दिला होता तसाच.

आणि रॉनी, त्या माणसाने मला ओळखलं नाही!

माझ्या घरी चहा प्यायलेला, माझा हात धरून डोळे ओले केलेला माणूस, सात पावलांवर उभा. केस सेट केले होते मी, चष्मा लावला होता, एवढंच. त्याचा चेहरा उजळला. "फ्लीटवुड!" म्हणाला. "बर्नडेट, तुमच्याच गावातल्या एका बाईची गोष्ट मी तुम्हाला सांगतो. तिचं नाव बर्नी." आणि सुरू झाला. एकटी उचलते. एकटी धुते. माझी गोष्ट, मलाच. मी उभी, काठी माझ्या तोंडापुढे, आणि तो ओठ मिटून गप्प राहायच्या जागी पोहोचला.

त्या जागी मी बोलले. "मिस्टर रेवेल, बर्नी मीच."

आधी त्याला कळलंच नाही. मग चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण सावरला लगेच, तयारीचा माणूस. "बर्नी! म्हणजे तुम्हीच सांगा या लोकांना..."

"तेच सांगायला आलेय," मी म्हटलं. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझी बहीण नऊ वर्षं येत होती. त्या दिवशीही ती वरच होती, माझ्या नवऱ्याला आंघोळ घालत."

सूत्रधार म्हणाला, "मिसेस रिगबी, आपल्याला पुढच्या प्रश्नाकडे..." काठी हलायला लागली. तर अस्लमने उठून ती धरली. दोन्ही हातांनी, बसचा दांडा धरावा तशी. म्हणाला, "बाईंना बोलू द्या. माझा दात तर राहिलाच, निदान यांचं तरी ऐका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या सूत्रधाराने सांगितल्यावरच वाजवायच्या असा नियम होता.

मग पुढच्या रांगेतली एक बाई वळली. रेवेलच्या बाजूची असणार. म्हणाली, "खोटं तुम्ही बोललात आणि आता त्यांच्यावर ढकलताय?"

बरोबरच होतं तिचं. मी म्हटलं, "ढकलत नाही गं. वाटून घेतेय. अर्धं माझं, अर्धं त्यांचं." मग त्याच्याकडे वळले. "मी खोटं बोलत होते तेव्हा वरून पाण्याचा आवाज येत होता. दोन माणसं हसत होती. तुम्ही छताकडे पाहिलंत. पाहिलंत की नाही?"

तो काही बोलेना. इतका वेळ की सूत्रधारही गप्प झाला. ही शांतता शिकवलेली नव्हती.

"पाहिलं," तो म्हणाला.

"मग विचारलंत का नाही, वर कोण आहे?"

"मला वाटतं," तो हळू म्हणाला, "मला विचारायचं नव्हतं."

तेवढ्यापुरता तो मला आवडला, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात उजवीकडून मिसेस ऑल्डिस हसल्या आणि म्हणाल्या, "बघा, यांच्या गोष्टी कशा बनतात ते देशाने आज पाहिलं." माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तुम्ही हसू नका," मी म्हटलं. "माझी बहीण सत्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत तिचे. ती नदी ओलांडून येते, कारण तुमच्या राज्यात येणारी बाई पंधरा मिनिटांसाठी येते आणि त्यातली पाच कोट काढण्यात जातात. यांनी माझ्या बहिणीला पुसून टाकलं, पण तुम्ही तिच्या जिवावर नऊ वर्षं फुकट राज्य केलंत."

त्यांचं हसणं थांबलं. "आम्ही यंदा या कामासाठी..." म्हणून सुरुवात केली, तर मागून कुणीतरी ओरडलं, "बहिणीचं नाव काय?"

मी सांगितलं. कॅमेरा कुठे आहे ते बघून सांगितलं. "वेरॉनिका हॅलम. नॉट एंड. मंगळवार, गुरुवार, शनिवार. नऊ वर्षं. आणि स्टॅन, क्लबात बसला असशील तर कान उघडून ऐक."

मग काठी गेली. मी बसले. अस्लमने मला पेपरमिंटची गोळी दिली. कागदही त्यानेच काढून दिला.

बर्नी


गुरुवार, ८ मे, मतदानाचा दिवस

रॉनी,

गावात आता माझी दोन नावं आहेत. बेकरीत 'खोटारडी बर्नी', चिप्सच्या दुकानात 'शाब्बास बर्नी'. दोन्हीकडे मी जाते आणि पाहिजे ते घेते.

फेलिसिटीचा फोन आला होता. एक निवेदन तयार केलंय, सही करा, म्हणाली. त्यात लिहिलं होतं की नवऱ्याच्या आजारपणाच्या ताणामुळे मी गोंधळले होते, पण मिस्टर रेवेल यांच्या म्हणण्याचा गाभा खरा आहे. मी म्हटलं, "मी गोंधळले नव्हते. मी जळत होते. तसं लिही, सही करते." तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाचे दोघे दारात, निळे कोट घालून. त्यांना माझा नवीन फोटो हवा होता, 'सत्य सांगणारी बर्नी' म्हणून. मी त्यांना म्हटलं, "सत्य सांगणारीने तुमच्या बाईंना काय सांगितलं ते खाली छापणार का?" ते गेटपर्यंत जाईतोवर मी दार उघडं ठेवलं होतं, आवाज आपटल्याचा नीट ऐकू जावा म्हणून.

मिसेस पिलिंग सांगत होती, क्लबात त्या सभेच्या रात्रीपासून स्टॅन त्याच्या टेबलावर एकटाच बसतो. कुणीतरी त्याच्या खुर्चीवर 'मंगळवार, गुरुवार, शनिवार' असं लिहून चिकटवलं. हे मी केलेलं नाही. करायला हवं होतं.

सकाळी चर्चच्या हॉलमध्ये जाऊन मत देऊन आले. कुणाला ते तुला सांगणार नाही. दारात दोन्ही पक्षांचे लोक बसले होते, दोघांनी माझं नाव विचारलं आणि दोघांनी माना खाली घातल्या.

क्लिफची अवस्था चांगली नाही. पाठीवर फोड आलाय. नर्स म्हणाली, वळवणं नीट होत नाहीये. मी तुला हे दयेसाठी लिहीत नाही. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, म्हणून लिहिते.

आणि एक. मी टीव्हीवर जे केलं ते तू परत यावंस म्हणून केलं नाही. तू आली नाहीस तरी ते मी केलंच असतं. तुझं नाव माझ्यामुळे गेलं होतं, ते माझ्यामुळे परत आलं. एवढा हिशेब आपल्यात फिटला. बाकीचं उरलंच आहे, ते मला कळतं.

बर्नी


मंगळवार, १३ मे
(स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेलं)

रॉनी,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी इतकी गडबडले की 'बरं' एवढंच म्हटलं. महिन्याभराने तुझा आवाज, आणि तोही अकरा शब्द. मी मोजले. "मंगळवारी दहाच्या बोटीने येते. क्लिफसाठी. तू घरात असलीस तर येणार नाही." आणि खाडकन ठेवलास.

तर मी नाहीये. तू बोटीतून उतरशील तेव्हा मी पलीकडच्या रस्त्याने समुद्राकडे गेलेली असेन. नऊ वर्षांत पहिल्यांदा सकाळी माझ्यापाशी दीड तास मोकळा आहे आणि त्याचं काय करावं मला सुचत नाहीये. शिक्षा द्यायची म्हणून दिलीस, पण शिक्षा कशी द्यायची ते तुला कधीच जमलं नाही.

फोड डाव्या बाजूला आहे, कमरेच्या वर. मलम खिडकीत. पाणी फार गरम नको, कातडी पातळ झालीय त्याची. नवा टॉवेल दारामागे. रेवेल पंतप्रधान झाला ते त्याला सांगितलंय, तो म्हणाला, "कोण?"

आज सकाळी मी त्याला सांगितलं की तू येणार. तो हसला. माझ्याकडे बघून हसला, रॉनी, तुझ्या नावावर का होईना. मी काही नाक मुरडलं नाही. मला ते हसणं हवं होतं, मिळालं तसं घेतलं.

आता माझं ऐक. तुझी अट मी अर्धी पाळणार आहे. तू त्याला धूत असेपर्यंत मी बाहेर राहीन. पण साडेअकराला मी परत येतेय, बाराच्या बोटीआधी. मला तुझ्यासमोर उभं राहून माफी मागायची आहे. टीव्हीवर मागितली ती लोकांपुढे होती, कागदावर मागितली ती पाकिटात बंद होती, ही तोंडावर मागायची आहे. तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे, मिसेस पिलिंगला ऐकू जातील इतक्या मोठ्याने दे. माफ करायचं नसेल तर नको करूस. पण मी आले की वरून खाली ये, आणि मागच्या दाराने पळू नकोस.

घर माझं आहे, नवरा माझा आहे, आणि तू कितीही नाक फुगवलंस तरी बहीणही माझीच आहेस.

बर्नी